पालेर्मोला निघालीस, तर...

प्रिय मुली,

मिलानहून सुट्टीत सिसिली बेटावरच्या पालेर्मोला जायचा तुझा बेत आहे आणि त्यावरून घरी गहजब झालाय, हे तुझ्या आईच्या फोनवरून कळलं. "सर, तिथं माफिया असतात हो!" त्यांची समजूत मी माझ्या परीने काढली आहे. तू जा.

त्यांची भीती हवेतली नाही, पण शिळी आहे. कुठली, ते विमानतळाच्या नावापासूनच कळेल: फाल्कोने-बोर्सेलिनो. माफियाला कोर्टात खेचणारे हे दोन न्यायाधीश. शहरात ट्रेनने न जाता बसने जा. कापाची गावाजवळ हायवेच्या दोन्ही बाजूंना तांबूस स्तंभ दिसतील. 23 मे 1992 रोजी तिथे रस्त्याखालच्या मोरीत स्फोटकं भरून जोवान्नी फाल्कोने, त्यांची पत्नी आणि तीन अंगरक्षक यांना उडवलं. डोंगराच्या अंगाला एक पांढरं खोपटं आहे, त्यावर मोठ्या अक्षरांत 'नो माफिया' रंगवलंय. बटण दाबणारे तिथेच दबा धरून होते. पुढे 57 दिवसांत पाओलो बोर्सेलिनोही गेले. त्या उन्हाळ्यातलं पालेर्मो जगभरच्या टीव्हीवर दिसलं, आणि पुष्कळांच्या डोक्यातलं शहर अजून त्याच वर्षात आहे.

दरम्यान तिथले लोक गप्प बसले नाहीत. 2004 मध्ये काही तरुणांनी रातोरात शहरभर स्टिकर चिकटवले: हप्ता देणाऱ्या समाजाला मान नसतो, अशा अर्थाचे. त्यातून 'अड्डिओपिझ्झो' ही चळवळ उभी राहिली. हप्ता न देणारे दुकानदार तिचं स्टिकर दारावर लावतात. खरेदी तिथेच कर. मला मात्र 2016 ची गोष्ट जास्त मोठी वाटते. व्हिया माक्वेदा या रस्त्यावरच्या बांगलादेशी दुकानदारांनी एकजुटीने खंडणीखोरांची तक्रार केली आणि त्यांना गजाआड पाठवलं. परका मुलूख, मागेपुढे कोणी नाही, तरी केलं.

माफिया संपला असं मी म्हणणार नाही. 30 वर्षं फरार असलेला माफियाचा म्होरक्या मात्तेओ मेस्सिना देनारो जानेवारी 2023 मध्ये याच शहरातल्या एका दवाखान्यात सापडला. पण ती मंडळी दुकानदाराला, ठेकेदाराला पिळतात. पाठीवर सॅक घेतलेल्या मुलीशी त्यांना काही देणंघेणं नसतं. तुला जपायचं ते पाकीटमारांपासून. बाल्लारोच्या बाजारात सॅक पुढे घे, आणि रस्त्यावरून चालताना पर्स भिंतीकडच्या खांद्याला. स्कूटर कुठूनही येतात, याची तुला पुण्यात सवय झालीच आहे.

एक मात्र ऐक. दुकानांत माफियाचे टी-शर्ट, फ्रिजवरची चुंबकं मिळतात. गंमत म्हणूनही घेऊ नकोस. ज्यांच्या घरची माणसं गेली ते याच गावात राहतात.

आता पोटाचं. तू शाकाहारी, तेव्हा 'पानेल्ले' तुझ्यासाठीच. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात शिजवून, थापून, पातळ काप तळतात आणि तीळ लावलेल्या पावात घालून देतात. वरून लिंबू. वडापावचा लांबचा भाऊच म्हण. भाताच्या तळलेल्या गोळ्यांना तिथे 'आरांचिने' म्हणतात, त्यात लोण्याचा प्रकार ऐकायला निरुपद्रवी वाटतो, पण आत सहसा डुकराचं मांस असतं. 'स्फिंचोने' या जाड पिझ्झात अँकोव्ही मासा लपलेला असतो. विचारल्याशिवाय घास घेऊ नकोस.

तेआत्रो मास्सिमो बाहेरून बघितलंस तरी चालेल. 1974 मध्ये दुरुस्तीसाठी म्हणून बंद केलेलं हे ऑपेराघर 1997 मध्ये उघडलं. शहराने कूस बदलली ती तेव्हा, असं तिथले लोक मानतात. सकाळचा निवांत वेळ मात्र नॉर्मन राजवाड्यातल्या कापेल्ला पालातिनाला दे. बाराव्या शतकात राजा दुसऱ्या रॉजरने बांधलेलं हे प्रार्थनाघर. भिंतींवर बायझंटाइन धाटणीचं सोनेरी मोझेइक, आणि वर लाकडी छत अरबी घडणीचं. त्यावर वादक, मद्यपी, बुद्धिबळ खेळणारे रंगवलेत, कडांना अरबी लिपी. छत उंच आहे, लहान दुर्बीण असेल तर ने. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा दुसरा वार बघ. आणि खांदे झाकेल अशी ओढणी जवळ ठेव.

तुझे,
सर