संभाजीनगरात कॅनॉट-सिडको भागात शनिवार-रविवारी ब्रंचसाठी चांगल्या जागा कशा शोधायच्या?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदलीवर आलात, कॅनॉटला तीन रविवार गेलात आणि दोनदा पैसे वाया गेले. मी सिडकोतच राहतो आणि माझेही बरेच रविवार असेच गेलेत, म्हणून सांगतो.

आधी वेळेचं. कॅनॉट हा संध्याकाळचा इलाका. रात्री नऊला बागेभोवती स्कूटी लावायला जागा मिळत नाही, पण सकाळी साडेनऊला निम्मी शटरं खाली असतात. कॅफे अकराच्या सुमारास उघडले तरी किचन लगेच तापत नाही. अकरा पाचला जाऊन बसलात की टोस्ट कालच्या ब्रेडचा. पावणेबाराला जा. ब्रंच हा शब्द १८९५ साली इंग्लंडात गाय बेरिंजर नावाच्या गृहस्थाने छापून आणला, तोच मुळी शनिवारी रात्री जागणाऱ्यांना रविवारी उशिरा उठता यावं म्हणून. तेव्हा उशिरा गेल्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आता जागा पारखायची कशी? मी एकच करतो. करून ठेवला तर बिघडतो असा पदार्थ मागवतो. कॅफेत एग्ज बेनेडिक्ट (भाजलेल्या पावावर कवचाशिवाय पाण्यात शिजवलेलं अंडं, वर सॉस) असेल तर तो. त्यावरचा हॉलंडेज सॉस म्हणजे अंड्याचा पिवळा बलक, लोणी आणि लिंबू, मंद आचेवर घोटलेलं. हा तासन्‌तास टिकत नाही, आणि आच जरा जास्त झाली की फुटतो. मागच्या पावसाळ्यात एका चकचकीत कॅफेत (नाव सांगत नाही) पन्नास मिनिटं थांबून माझ्यापुढे जे आलं, त्यावर सरळ बाटलीतलं मेयोनीज होतं. हळद घातलेलं! वेटरला विचारलं तर म्हणे, "सर, इकडं असंच चालतं." त्या कॅफेचे स्टार मात्र साडेचार. म्हणून रिव्ह्यू बघताना ‘सर्वांत नवीन’ लावून बघा आणि सजावटीचे फोटो सोडून ताटांचेच बघा. निऑन बोर्डासमोरचे सेल्फी पोट भरत नाहीत.

हीच परीक्षा नाश्ता सेंटरवर सुशीला या चुरमुऱ्याच्या पदार्थाने घ्या. सगळीकडे मिळेलच असं नाही, पण पाटीवर दिसली तर सोडू नका. पुण्यात तुम्ही बहुधा खाल्ली नसेल. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे, मग मिरची-कांदा-कढीपत्त्याची फोडणी, वरून डाळव्याचं कूट. माझ्या ठरलेल्या गाडीवरच्या मावशी ऑर्डर दिल्याशिवाय चुरमुऱ्याला पाणी लावत नाहीत. एकदा घाईत होतो, म्हटलं मावशी, आधीच करून ठेवत जा की. म्हणाल्या, "अन् मग लगदा कोण खाईल, तू?" अशी गाडी सापडली की पोहे, भजे, चहा, काहीही डोळे झाकून घ्या. उलट मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेले, कडेने वाळलेले पोहे दिसले तर पुढे चला.

शनिवार-रविवारात निवड असेल तर शनिवार. रविवारी सगळी कुटुंबं बाहेर पडतात आणि किचनची तारांबळ उडते.

मांसाहार चालत असेल तर मात्र एखादा रविवार कॅनॉट सोडाच. जुन्या शहरात शहागंज, रोशन गेटकडे नान-खलिया (नान आणि मांसाचा मसालेदार रस्सा) खायला जा. १३२७ च्या सुमारास तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा सैन्याबरोबर हा पदार्थ आला असं सांगतात. भट्टीतून निघालेला पिवळसर मऊ नान खलियाच्या तर्रीत बुडवला की संध्याकाळपर्यंत भूक विचारत नाही. शाकाहारी असाल तर गुलमंडीवर गरम इमरती घ्या, पण पाव किलोच्या वर नको. माणूस मोहात पडतो.

आणि एक, बेत ठरवण्याआधी तुमच्या कॉलनीत पाणी कोणत्या वारी येतं ते शेजाऱ्यांना विचारून ठेवा. आमच्या गल्लीत रविवारी नळ आला की माझा ब्रंच ड्रमाशेजारी उभ्यानेच होतो, एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात पोह्याची बशी.