भावाने अग्निवीर व्हावं का? गोव्यातल्या डिचोलीच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ साडेअठरा वर्षांचा, बारावी सायन्स, 58 टक्के, गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही आहेत. त्याला सैन्यात जायचंय. बाबा म्हणतात, चार वर्षांची नोकरी ती कसली, त्यापेक्षा सरकारी जागा निघेपर्यंत थांब. घरात कोणी फौजी नाही, म्हणून इथे विचारताय. उत्तर लांब आहे. भावालाच वाचायला द्या, पैशांचा भाग मात्र बाबांनाही दाखवा.

हिशेब करताना तो चार वर्षांनी घरी परत येणार असंच धरून करा. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली, तेव्हापासून भूदल, नौदल आणि हवाईदलातली शिपाई पातळीची भरती चार वर्षांसाठी होते, आणि अशा जवानाला अग्निवीर म्हणतात. प्रशिक्षणाचे महिने त्यातच धरलेले. मुदत संपल्यावर तुकडीतले जास्तीत जास्त 25 टक्के पुढच्या 15 वर्षांसाठी कायम होतात, बाकीचे घरी. ‘आमचा पोरगा हुशार आहे, तो राहणारच’ असं प्रत्येक घरात म्हणतात, आणि चारांतल्या तीन घरांत ते खोटं ठरणार हे साधं गणित आहे. परत आल्यावर तो साडेतेवीसच्या आसपास असेल. हे चित्र त्याला आणि तुम्हाला चालत असेल तर जरूर जावं. कायम झालो तरच अर्थ आहे असं वाटत असेल, तर अग्निवीरचा नाद सोडून खाली दिलेली दुसरी दारं बघावीत.

आता पैसे. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 21,000 हातात येतात आणि 9,000 सेवा निधीत कापले जातात. दुसऱ्या वर्षी 33,000, तिसऱ्या वर्षी 36,500, चौथ्या वर्षी 40,000. दरवेळी 30 टक्के कापले जातात. चार वर्षांत त्याचे स्वतःचे सुमारे 5.02 लाख जमतात, सरकार तेवढेच घालतं, आणि व्याजासकट साधारण 11.71 लाख करमुक्त हातात पडतात. हातात येणारा पगार चार वर्षांत मिळून सुमारे 11.7 लाख होतो. राहणं, जेवण, कपडे त्यात मोजायचे नाहीत, ते वेगळं मिळतं. म्हणजे पोरगा उधळा नसेल तर तेविशीत पंधरा-सोळा लाख गाठीला असू शकतात. कळंगुटच्या हॉटेलात चार वर्षं राबून किती जणांकडे एवढी शिल्लक राहते, ते बाबांना विचारा.

दुसरी बाजूही बघा. परत येणाऱ्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे कॅन्टीन आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे (ईसीएचएस) उपचारही नाहीत. एक गोष्ट मात्र बहुतेकांना माहीत नसते: जो कायम होतो त्याला सेवा निधीतला फक्त स्वतःचा वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा वाटा मिळत नाही, आणि आधीची चार वर्षं पेन्शनसाठी धरली जात नाहीत. मधेच नको वाटलं म्हणून राजीनामा देऊन येण्याची सोय नाही, अगदी अपवादात्मक कारण असेल तरच सोडतात. चार वर्षं लग्नही करता येत नाही. विमा 48 लाखांचा आहे, त्याचा हप्ता त्याला भरावा लागत नाही. सेवेमुळे मृत्यू आला तर वर 44 लाख सानुग्रह. हे वाचताना आईच्या पोटात गोळा येईल, तरी घरात एकदा बोलून घ्या. मागाहून कळण्यापेक्षा बरं.

सुट्टी वर्षाला 30 दिवस, आणि ती गणपतीच्या चवथीलाच मिळेल असं अजिबात धरू नका. ‘बांबोळीला सिग्नलचं ट्रेनिंग सेंटर आहे, दाबोळीला आयएनएस हंस आहे, म्हणजे पोस्टिंग जवळच’ असाही एक समज आपल्याकडे आहे. बांबोळीचं सेंटर देशभरातल्या पोरांना शिकवतं, गोंयकारांना घराजवळ ठेवण्यासाठी ते नाही. मराठा लाइट इन्फंट्री मिळाली तर प्रशिक्षण बेळगावला, नौदल मिळालं तर ओडिशातल्या चिल्काला. त्यानंतर युनिट जाईल तिथे.

बाबांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण क्रम चुकतोय. गोवा सरकारच्या बऱ्याच पदांना वयोमर्यादा 45 पर्यंत असते. सैन्याचं दार विशीच्या सुरुवातीलाच बंद होतं. जे आधी बंद होतं त्याचा विचार आधी करायचा. चार वर्षांनी आला तरी गोव्याच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनचा फॉर्म भरायला त्याच्याकडे वीस वर्षं असतील. अट एकच, चार वर्षांत पदवीचं काहीतरी हाती लागलं पाहिजे. अग्निवीरांसाठी इग्नूचा पदवी अभ्यासक्रम आहे, त्यात निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. जो नाव घालतो पण असाइनमेंट पाठवत नाही, तो शेवटी बारावी पासच राहतो. निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांना आरक्षण आणि वयात सवलत आहे, पण ती परत देशभर फिरायचीच नोकरी.

आता कोणत्या दाराने जायचं, कारण खरा निर्णय इथे आहे. मुलं डोळे झाकून जीडी म्हणजे जनरल ड्यूटीचा फॉर्म भरतात. जीडीला दहावी 45 टक्क्यांवर भागतं, म्हणून सगळ्यात जास्त गर्दी तिथे. तुमच्या भावाकडे सायन्स आहे. टेक्निकलला बारावीत भौतिक, रसायन, गणित, इंग्रजी घेऊन एकूण 50 टक्के आणि प्रत्येक विषयात 40 लागतात. ते त्याला बसतं का, मार्कशीट काढून एकेक विषय बघा. क्लार्कला 60 टक्के हवेत, ते दार त्याला बंद. हवाईदलाला एकूण 50 आणि इंग्रजीत वेगळे 50. नौदलाचं एसएसआर, म्हणजे तिथली बारावीवाल्यांची भरती, तीही गणित-भौतिकवाल्यांसाठी. परत आल्यावर बाहेर काय विकलं जाईल याचा विचार केला तर मी टेक्निकल, नौदल, हवाईदल आधी आणि जीडी शेवटी ठेवेन. रेडिओ, इंजिन, वीज यातलं चार वर्षांचं हातकाम वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यात दाखवता येतं. 2025 पासून भूदलात एका वेळी दोन पदांसाठी अर्ज करता येतो, तेव्हा टेक्निकल आणि जीडी दोन्ही भरावेत.

कायमची नोकरीच हवी असेल तर दोन गोष्टी. तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाखाली येतं, पण अग्निपथ त्याला लागू नाही. तिथली नाविक भरती नियमित नोकरीची आहे, बारावी गणित-भौतिकवर जनरल ड्यूटीचा अर्ज करता येतो. आणि एनडीए, म्हणजे बारावीवर अधिकारी व्हायची परीक्षा. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा वर्षातून दोनदा, म्हणजे त्याच्याकडे एखादीच संधी उरली असेल. लेखी 900 गुणांची, गणिताचा पेपर 300 चा, पुढे पाच दिवसांची एसएसबी ही निवड मुलाखत. 58 टक्केवाल्याला गणित जड जाईल, पण फॉर्म भरायला काय जातं? अधिकारी व्हायची वाट पदवीनंतर सीडीएस परीक्षेने परत उघडते. (ताई, तुमचं स्वतःचं वय बसत असेल तर नौदल, हवाईदल आणि भूदलातली मिलिटरी पोलीस ही दारं मुलींनाही आहेत.)

भूदलासाठी गोव्याचे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या भरती कार्यालयाखाली येतात. नोंदणी फक्त जॉइन इंडियन आर्मीच्या सरकारी संकेतस्थळावर, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात. आधी संगणकावरची परीक्षा, ती पास झालेल्यांनाच मैदान, म्हणजे शारीरिक चाचणी. प्रश्न 50, वेळ एक तास, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. पेपर मराठीतून देता येतो, कोकणीतून नाही. टेक्निकलची यादी मुख्यतः लेखीवर लागते, मैदान फक्त पार करायचं असतं. जीडीला मैदानाचे गुणही मोजतात. एनसीसीचं सर्टिफिकेट असेल तर बोनस मिळतो, तेव्हा ते शाळेच्या कपाटात पडलं असेल तर आजच आणा.

मैदानाचं. 1.6 किलोमीटर 5 मिनिटं 30 सेकंदांत संपवलं तर 60 गुण, 5:45 पर्यंत 48. म्हणजे 400 मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येक साडेब्याऐंशी सेकंदांत. पोरं हरतात ती पहिल्या फेरीत. शंभर-दोनशे जण एकत्र सुटतात, ढकलाढकली होते, जोशात पहिली फेरी सत्तर सेकंदांत जाते आणि तिसऱ्या फेरीत पाय शिशाचे होतात. म्हणून सराव नुसता लांब पळायचा नाही. आठवड्यातून दोनदा 400 मीटर 80 ते 82 सेकंदांत, मग दीड मिनिट चालणं, असं आठ वेळा. एकदा पूर्ण 1600 घड्याळ लावून, उरलेले दोन दिवस पाच-सहा किलोमीटर निवांत. शून्यापासून सुरुवात असेल तर तीन महिने लागतात. बीमवर पूर्ण लटकून हनुवटी वर नेलेले 10 पुलअप म्हणजे 40 गुण, 6 असतील तर फक्त 16. झोका घेऊन मारलेला मोजत नाहीत. ज्याला एकही जमत नाही त्याने स्टुलावरून वर चढून पाच सेकंदांत हळूहळू खाली यायचं, रोज पाच-सहा वेळा. शिवाय 9 फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स. याला गुण नाहीत, पण पार करावंच लागतं.

आपल्याकडे अडचण पावसाची. परीक्षा आणि मैदान यांच्या मधला काळ बऱ्याचदा ऐन पावसात येतो. लाल मातीचं मैदान तेव्हा साबणासारखं होतं, घोटा मुरगळतो. मिरामारच्या वाळूत पळणं सोपं वाटतं, पण पोटऱ्या भरतात आणि वेगाचा अंदाज चुकतो. आठवड्यातून एकदा तरी बांबोळीच्या सिंथेटिक ट्रॅकवर वेळ लावून बघावा. ओले बूट तसेच घालू नयेत: बोटांच्या बेचक्यात चिखल्या, जांघेत नायटा, आणि मेडिकलला कपडे उतरवल्यावर तेच पहिलं दिसतं.

मेडिकलला गोव्यातली मुलं कुठे अडकतात ते सांगतो. कानातला मळ, किडलेले दात, सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणं, नाकाचा वाकडा पडदा, पायावरच्या फुगलेल्या शिरा, व्हेरिकोसील (अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा), रंगांधळेपणा. यातलं अर्धं आधी कळलं तर बरं करता येतं. नोंदणीच्या आधीच जिल्हा इस्पितळात किंवा गोवा मेडिकल कॉलेजात (जीएमसी) कान-नाक, डोळे, दात आणि सर्जरीच्या ओपीडीत एकदा दाखवून या. टॅटू हा दुसरा घोळ. साधारणपणे कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच चालतो. बागा-कळंगुटला मित्रांच्या नादाने दंडावर किंवा मानेवर काढून घेतलेला असेल तर लेझरने पुसायला जाऊन व्रण करून घेऊ नका, आधी अधिसूचनेतला नियम वाचा. उंचीचा आकडाही राज्य आणि पद बघून ठरतो. महाराष्ट्रातल्या मित्राचा 168 सेंटिमीटर स्वतःला लावू नका, गोव्याच्या ओळीतला बघा.

पोर्तुगीज पासपोर्टचा विषय घरात असेल तर तो अर्जाआधी मिटवा. 1961 च्या डिसेंबरपूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजोबांच्या नावाने लिस्बनला जन्मनोंद झाली असेल, आणि पुढे वडिलांची आणि मुलाचीही केली असेल, तर प्रश्न नागरिकत्वाचा येतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ‘नोंद नुसती करून ठेवलीय, पासपोर्ट काढला नाही’ हे उत्तर पडताळणीच्या वेळी पुरेल असं समजू नका. वकिलाकडून लेखी मत घ्या.

शेवटी कागद. नाव, आईवडिलांची नावं आणि जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे अक्षर न अक्षर तशीच लागते. आपल्याकडे एकाच घरात आडनावाची तीन इंग्रजी स्पेलिंगं असतात. जन्मदाखल्यावर जुनं पोर्तुगीज वळणाचं, गोवा बोर्डाच्या सर्टिफिकेटवर दुसरं, आधारवर तिसरं. सर्टिफिकेट बरोबर असेल तर फक्त आधार बदला, ते लवकर होतं. चूक सर्टिफिकेटवरच असेल तर पर्वरीला बोर्डात अर्ज करा आणि त्याला वेळ लागतो हे धरून चला. रहिवासी दाखला मामलेदार कार्यालयातून फोटो आणि शिक्क्यासह घ्या. तलाठ्याचा अहवाल अडकला की तोही अडकतो, म्हणून जानेवारीतच अर्ज टाका. चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला सरपंचांकडून मिळतो, पण ते सहा महिन्यांच्या आतले लागतात, त्यामुळे ते मात्र फार आधी काढू नका.

कोणी ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, आणि कुठल्याही अकॅडमीत मूळ मार्कशीट ‘डिपॉझिट’ म्हणून ठेवू नका. मैदानाच्या दिवशी ती हातात नसली तर पळण्याआधीच बाहेर काढतात. मेडिकलला तात्पुरता अनफिट ठरला तर त्याच दिवशी लेखी शेरा आणि फेरतपासणीच्या मिलिटरी हॉस्पिटलचं नाव मागून घ्या. मुदत मोजक्या दिवसांची असते, आणि बरीच मुलं नापास झालो समजून कदंबा बसने घरी परत येतात.