प्रस्तावात माणसांसाठी जागा ठेव

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव मिळाला, दोनदा वाचला. मराठवाड्यात जून-जुलैमध्ये पावसाचा खंड पडणार का, हे दोन आठवडे आधी सांगता यावं, हा विषय तू निवडलास याचा मला फार आनंद आहे. पेरणी उरकते, पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाणं आणावं लागतं, हे तू घरात पाहिलं आहेस. ते प्रस्तावाच्या पहिल्या पानावर जाणवतं. विज्ञानाच्या भागाला मी हात लावलेला नाही. मला बोलायचं आहे ते खर्चाच्या तक्त्याबद्दल.

निम्म्याहून अधिक रक्कम तू सर्व्हरसाठी मागितली आहेस. सप्टेंबर 2024 मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'अर्क' आणि नोएडाच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रात 'अरुणिका' हे महासंगणक सुरू झाले. एक 11.77 पेटाफ्लॉप्सचा, दुसरा 8.24 चा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज आकडेमोडी), आणि दोन्हींवर मिळून 850 कोटी रुपये खर्च. मे 2025 पासून सहा किलोमीटर विभेदनाची, म्हणजे तेवढ्या लहान चौकटींत अंदाज देणारी, 'भारत फोरकास्ट सिस्टिम'ही आली. तुझ्या विभागातल्या खोलीत बसणारा सर्व्हर ही कामं करणार नाही आणि तुला ती करायचीही नाहीत. हवामान खात्याचा विस्तारित पल्ल्याचा, म्हणजे पुढच्या काही आठवड्यांचा, अंदाज दर गुरुवारी येतो. तो मराठवाड्यापुरता कुठे आणि का चुकतो हे शोधून दुरुस्त करणं, एवढंच तुझं काम आहे आणि ते लहान नाही. त्याला एक-दोन चांगली वर्कस्टेशन आणि भरपूर साठवण पुरते. वाचलेले पैसे माणसांकडे वळव.

माणसं म्हणजे कोण, तर पावसाच्या नोंदी तपासणारी. हवामान खात्याची पाव अंशाच्या (साधारण पंचवीस किलोमीटरच्या) जाळीवरची दैनंदिन पावसाची माहिती 1901 पासूनची मिळते. शिवाय राज्याच्या 'महावेध' प्रकल्पाची महसूल मंडळातली स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, राज्यभरात दोन हजारांहून जास्त. प्रस्तावात तू हे दोन्ही स्रोत 'एकत्र करू' असं एका ओळीत लिहिलं आहेस. ती एक ओळ म्हणजे किमान वर्षभराचं काम आहे. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला की केंद्र भर पावसात शून्य दाखवतं. कुठे शेजारी इमारत उभी राहते, कुठे केंद्राची जागाच बदलते. 'पाऊस शून्य' आणि 'नोंद आलीच नाही' या दोन गोष्टी फाइलमध्ये सारख्याच दिसू शकतात, आणि खंडाचा अभ्यास करणाऱ्याला यासारखा दुसरा धोका नाही. बंद पडलेलं केंद्र तुझ्या आलेखात कोरडा आठवडा म्हणून उभं राहील. हे संगणकावर सोडून भागत नाही. कुणीतरी त्या मंडळात जाऊन केंद्र डोळ्यांनी पाहावं लागतं, तलाठ्याशी, कृषी सहायकाशी बोलावं लागतं. म्हणून एका ज्युनिअर रिसर्च फेलोऐवजी (प्रकल्पावरचा पगारी तरुण संशोधक) दोघांची मागणी कर आणि प्रवासखर्च धडधडीत लिही. जानेवारी 2023 पासून फेलोशिप महिना 37,000 रुपये आणि घरभाडं अशी आहे. जुन्या दराने हिशेब मांडला आहेस, तो सुधार.

पडताळणीला तू शेवटचे तीन महिने दिले आहेस. ती पहिल्या वर्षापासून सुरू झाली पाहिजे. तुझी पद्धत कशाच्या तुलनेत चांगली, हे आधी ठरव. 'दरवर्षी या आठवड्यात सरासरी एवढा पाऊस होतो' हा बिनखर्चाचा अंदाज आहे. त्याला हरवता आलं नाही तर तसं अहवालात स्पष्ट लिहायचं. दुसरं, सगळ्या चुका सारख्या मोजू नकोस. पाऊस येईल म्हणून सांगितलं आणि आला नाही, तर शेतकऱ्याचं बियाणं, खत, मजुरी मातीत जाते. खंड पडेल म्हणून सांगितलं आणि पाऊस आला, तर पेरणी लांबते, वाफसा हुकतो. दोन्ही नुकसानच, पण सारखं नव्हे, आणि कापसाला एक तर सोयाबीनला दुसरं. शेतकऱ्यांना विचारूनच हे वजन ठरवता येईल. त्यासाठी एखाद्या कृषी विज्ञान केंद्राला सहसंशोधक म्हणून घे. नुसतं सहकार्याचं पत्र जोडून भागवू नकोस, त्यांच्या नावावर रक्कम दाखव.

प्रस्ताव कुठे पाठवायचा, असं विचारलं आहेस. तू तरुण आहेस, तेव्हा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या योजना जरूर बघ. 2024 पासून जुन्या सर्बची, म्हणजे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाची, जागा त्याने घेतली आहे. पण या विषयाचं घर पृथ्वी विज्ञान मंत्रालय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. सप्टेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने या मंत्रालयाच्या 'मिशन मौसम' योजनेला दोन वर्षांसाठी 2,000 कोटी रुपये मंजूर केले. त्याआधी 2012 मध्ये मान्सूनचा अंदाज सुधारण्यासाठी मान्सून मिशन सुरू झालं, आणि त्याची रचना तू नीट समजून घ्यावीस. देशातल्या आणि परदेशातल्या गटांना पैसे दिले, पण अंदाजाच्या ठरावीक संगणकीय मॉडेलवर काम करण्याच्या अपेक्षेने. त्यामुळे कुणाची सुधारणा कुणाच्या प्रबंधात पडून राहिली नाही. पुढे तेच मॉडेल हवामान खात्याच्या हंगामी अंदाजासाठी वापरात आलं. तुझी पद्धत तीन वर्षांनी कोण चालवणार, हे म्हणूनच प्रस्तावात लिहिलेलं हवं, आणि ज्या कार्यालयात ती चालणार तिथल्या माणसांशी आत्ताच बोलणं सुरू हवं.

हे मी तळमळीने सांगते आहे, कारण प्रकल्पावर उभं राहिलेलं काम प्रकल्पाबरोबर जातं. जिल्हा कृषी हवामान केंद्रं आठव. देशभरात 199 होती, कृषी विज्ञान केंद्रांत बसून अंदाजाचा सल्ला करून देणारी. 2024 मध्ये ती बंद झाली.

राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेच्या 2020 च्या अहवालातला, मान्सून मिशन आणि महासंगणकांवरच्या खर्चाचा फायदा सांगणारा 'एका रुपयामागे पन्नास रुपये' हा आकडा तू सुरुवातीलाच ठळक टाकला आहेस. तो काढ. समितीतल्या सगळ्यांना तो पाठ असतो. त्याच अहवालात एक अधिक उपयोगी गोष्ट आहे: विचारलेल्या शेतकऱ्यांपैकी 98 टक्क्यांनी अंदाज बघून शेतीतल्या नऊ महत्त्वाच्या कामांपैकी किमान एकात बदल केला होता. फायदा तिथून आला. तुझ्या अंदाजाने कोणता निर्णय बदलेल, ते एका वाक्यात लिही.

पैसे मिळाल्यावरचं थोडक्यात. पहिला हप्ता आला की त्याच दिवशी हिशेबाची वही उघड. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला) आणि खर्चाचं विवरण वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो, आणि त्याची झळ पहिल्यांदा फेलोच्या पगाराला लागते. हप्ता लांबला तर तुमचं विद्यापीठ तेवढे महिने आगाऊ रक्कम देतं का, हे वित्त अधिकाऱ्यांना आत्ताच विचार. कोणती खरेदी जेमवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवरून, करावी लागेल तेही विचार, आणि ती मार्चवर ढकलू नकोस.

सुधारलेला तक्ता आधी पाठव, मजकूर नंतर. आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या ज्यांच्याशी बोलशील त्यांना माझा नंबर दे, त्यांच्याकडून मला काही विचारून घ्यायचं आहे.

घरी सर्वांना नमस्कार.