एम.टेक. कशात करू? आधी हात लावून पाहा

प्रश्न : ऐरोलीत राहतो, ईएक्सटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे. घरचे म्हणतात कॉम्प्युटरमध्ये मास्टर्स कर, मला सर्किट्स आवडतात. दोन्ही जमेल असं काही आहे का, सर?

आहे. प्रोसेसरचंच घे. कोणती सूचना कधी चालवायची हा कॉम्प्युटरवाल्यांचा प्रश्न. ती क्लॉकच्या, म्हणजे चिपला ताल देणाऱ्या घड्याळाच्या, एका ठोक्यात पुरी होईल का, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा. क्लॉक १ गिगाहर्ट्झचा असेल, तर हातात फक्त १ नॅनोसेकंद. तेवढ्यात लॉजिक गेट्सचा आणि तारांचा विलंब बसवायचा, वर फ्लिप-फ्लॉपचा (एक बिट साठवणाऱ्या सर्किटचा) सेटअप टाइमही, म्हणजे ठोक्याआधी बिट स्थिर राहायला लागणारा वेळ. नाही बसला, तर कामाचे टप्पे पाडायचे, म्हणजेच पाइपलाइन करायची. पण टप्पे वाढले की ब्रँचचा, म्हणजे प्रोग्रॅम पुढे कोणत्या वाटेने जाईल याचा, अंदाज चुकल्यावर तितकंच जास्त काम फेकून द्यावं लागतं. सर्किटमधला निर्णय असा थेट प्रोग्रॅमच्या वेगाला भिडतो. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि आयआयटी मुंबईचा 'अजित' हे प्रोसेसर याच सीमेवर घडले. पदवीचं नाव काहीही असो, मला हा प्रांत सगळ्यांत समृद्ध वाटतो.

आवड खरी आहे का, हे फुकटात कळतं. लॅपटॉपवर आयकारस व्हेरिलॉग (सर्किटचा कोड चालवून पाहायला) आणि जीटीकेवेव्ह (त्यातले सिग्नल आलेखात, म्हणजे वेव्हफॉर्ममध्ये, पाहायला) टाक, आठ-दहा सूचनांचा छोटा प्रोसेसर लिही. महिनाभर वेव्हफॉर्म चाळूनही कंटाळा आला नाही, तर घरच्यांना तोच प्रोसेसर चालवून दाखव.

एम.टेक. प्रवेशाची गेट परीक्षा तिसऱ्या वर्षातही देता येते. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, त्यातले १५ जनरल ॲप्टिट्यूडचे. स्कोअर तीन वर्षं चालतो. मात्र निकाल लागला की काम संपलं असं समजू नकोस. आयआयटीत त्या-त्या संस्थेकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि ऑफर सीओएपी या सामायिक पोर्टलवर येते. एनआयटीसाठी सीसीएमटी या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेची नोंदणी निराळी. चांगला स्कोअर असून या तारखा चुकवलेली मुलं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

प्रश्न : वय २९, राहायला वागळे इस्टेटजवळ, महापेच्या एका कंपनीत एम्बेडेड फर्मवेअर (उपकरणांच्या आतल्या चिपवर चालणारे प्रोग्रॅम) लिहितो. घरी लहान मूल आहे, नोकरी सोडणं शक्य नाही. नोकरी सांभाळून केलेल्या एम.टेक.ला किंमत असते का?

असते, पण तुम्ही तिथे काय करता त्यावर. बिट्स पिलानीचे नोकरदारांसाठीचे एम.टेक. अभ्यासक्रम आहेत, त्यात एम्बेडेड सिस्टिम्स आणि मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स दोन्ही आहेत. मी तुमच्या जागी असतो, तर आधी कामावर कुठे अडतो ते लिहून काढलं असतं. इंटरप्टचं (चालू काम थांबवून तातडीचं काम करायला लावणाऱ्या सिग्नलचं) वेळापत्रक कोलमडतं? सेन्सरचा नॉइज गाळता येत नाही? तोच प्रश्न प्रबंधाला घ्या. कंपनीची लेखी परवानगी मात्र सुरुवातीलाच हवी, कारण तिथे लिहिलेला कोड बहुधा कंपनीचा असतो. आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जाता-येता अभ्यास होईल, हा हिशेब धरू नका. पहाटेचा एक तास घरच्यांशी बोलून ठरवून घ्या.

प्रश्न : मी नेरुळची. मुलीला आयर्लंड किंवा जर्मनीत एमएस करायचं आहे. घर तारण ठेवावं का?

ताई, दोन्ही देशांचा खर्च शेजारी-शेजारी मांडल्याशिवाय घराला हात लावू नका. आयर्लंडचा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी एक वर्षाचा, शुल्क मोठं. पुढे नोकरी शोधायला दोन वर्षांपर्यंत राहता येतं. जर्मनीत साधारण दोन वर्षं. तिथल्या बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं, पण बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतात. शिवाय व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (आपल्या शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी) लागतं आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये राहण्याच्या खर्चाचे वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. हे पैसे फी म्हणून जात नाहीत, दरमहा मुलीलाच मिळतात. मुलीला आणखी एक विचारा : एका वर्षाच्या अभ्यासक्रमात प्रकल्पाला किती महिने उरतात? उत्तर तिला माहीत नसेल, तर तिने विषयांची यादी अजून नीट वाचलेली नाही.

प्रश्न : मी कळव्याची. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आले. सिग्नल्सचं गणित पाहिलं की पोटात गोळा येतो. मास्टर्सचा विचार सोडून देऊ का?

मुळीच नाही. थेट दुसऱ्या वर्षाला आलीस, म्हणजे पहिल्या वर्षाचं गणित तुझ्या वाट्याला आलंच नाही. ही उणीव भरता येते, ती बुद्धीची नाही. आधी कॉम्प्लेक्स नंबर्स, मग मॅट्रिक्स, मग प्रोबॅबिलिटी, याच क्रमाने. रोज पाऊण तास पुरे.

आणि गणित कानाने ऐकून बघ. ऑक्टेव्ह हे मोफत सॉफ्टवेअर घे. सेकंदाला ८,००० नमुने घेऊन १,००० हर्ट्झचा सूर तयार कर, ऐक. मग त्याच ८,००० नमुन्यांत ७,००० हर्ट्झचा सूर बनव. कान सांगेल, सूर तोच आहे! कारण नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्यावर, म्हणजे ४,०००च्या वर गेलेली वारंवारता उलटी दुमडते, आणि ८,०००मधून ७,००० गेले की १,००० उरतात. आता वहीत दोन्ही सूत्रं कोसाइनमध्ये लिही आणि नमुने सारखेच का येतात ते स्वतः सिद्ध कर. जमलं की साइन घेऊन बघ. तिथे एक चिन्ह बदलेल. ते का बदललं, हे मला पुढच्या पत्रात कळव.