पिरॅमिड नक्की बांधले कुणी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इजिप्त, इराक, मेक्सिको सगळीकडं पिरॅमिड सारखेच कसे काय? आमच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय की हे सगळं एकाच गायब झालेल्या प्रगत जमातीनं, नाहीतर परग्रहावरच्यांनी बांधलंय. खरं काय ते सांगा की. (एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

लांबून सारखे दिसतात हो, पण जवळ गेलं की मामला वेगवेगळा आहे. इजिप्तचा पिरॅमिड म्हणजे राजाची कबर. इराकमधल्या उर या जुन्या शहराचा झिग्गुरात, म्हणजे टप्प्याटप्प्यांचा उंच देवळाचा चौथरा, उर-नम्मू राजानं इ.स.पू. 2100 च्या आसपास बांधायला घेतला, तो नन्ना या चंद्रदेवासाठी, त्यात कबर नाही, आत कच्च्या विटा, बाहेरून भाजलेल्या विटा आणि त्या चिकटवायला डांबर, कारण त्या सपाट गाळाच्या मुलखात दगडच मिळत नाही. आणि मेक्सिकोतल्या चिचेन इत्झाचा पिरॅमिड माया लोकांचा, वर देऊळ, चारी बाजूंना 91-91 पायऱ्या आणि वरची एक धरून 365, पण तो इजिप्तमधल्या गिझाच्या पिरॅमिडनंतर तीन हजारांहून जास्त वर्षांनी झालाय! एकच जमात एवढी वर्षं कुठं टिकणार? आकार जुळतो कारण लोखंडी सळी-सिमेंट नसताना उंच जायचं तर खाली रुंद आणि वर निमुळतं करत जाणं हाच भरवशाचा मार्ग, तो ज्याला त्याला आपापला सापडतो.

आता इजिप्तचंच बघा, तिथं हे लोक शिकत कसे गेले ते दगडात दिसतंय. आधी सक्कारामध्ये जोसर राजासाठी इम्होतेपनं एकावर एक सहा टप्पे चढवून साधारण 60 मीटरचा पायऱ्यांचा पिरॅमिड केला. मग स्नेफेरू राजा दहशूरला सरळ उताराचा घ्यायला गेला तर खालचा उतार 54 अंशांच्या आसपास, अर्ध्यावर गेल्यावर बांधकाम भार सोसेना असं दिसल्यावर वरचा उतार 43 अंशांवर आणला, तो वाकडा पिरॅमिड आजही उभा आहे. पुढचा लाल पिरॅमिड त्यांनी पहिल्यापासून 43 च्या आसपासच ठेवला. आणि मग त्याच्या मुलानं, खुफूनं, गिझाला 146 मीटरचा उभा केला, अंदाजे 23 लाख दगडांचा. स्नेफेरूपासून पुढची ही प्रगती एका घरातल्या दोन पिढ्यांत झालेली आहे, मधल्या अडचणींसकट.

आणि मला सगळ्यात भारी वाटते ती गोष्ट म्हणजे या कामावरच्या माणसाची रोजनिशी सापडलीय! 2013 मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला फ्रेंच अभ्यासक पिएर ताले यांच्या टीमला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, तुकडे मिळाले, त्यात मेरर नावाचा मुकादम लिहितोय की आज माणसं घेऊन तुराच्या खाणीवर, उद्या चुनखडीचे दगड होडीत घालून नाईल नदीतून गिझाला. गिझाजवळ कामगारांची वस्ती सापडलीय, भाकरीच्या भट्ट्या, गुरांची ढीगभर हाडं आणि पिरॅमिडच्या सावलीतच त्यांच्या कबरी. आपल्याकडं तालमींना जशी नावं असतात तशी दगड ओढणाऱ्या टोळ्यांनाही नावं होती, ‘खुफूचे मित्र’ असं एका टोळीनं पिरॅमिडच्या आत रंगानं लिहून ठेवलंय. एवढं सगळं समोर असताना त्यांचं श्रेय काढून परग्रहाला द्यायचं हे मला अजिबात पटत नाही. खिद्रापूरचा स्वर्गमंडप बघताना आपण शिलाहारांच्या काळातल्या कारागिरांनाच हात जोडतो ना, मग मेररच्या माणसांनाही तोच मान मिळायला पाहिजे.

प्रश्न : आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवासारखं जगात दुसरीकडं कुठं होतं का? (एक वाचक, शिवाजी पेठ)

होतं की. आपल्याकडं मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत जातात, तसंच. इजिप्तच्या दक्षिण टोकाला अबू सिंबेलचं देऊळ, दुसऱ्या रामसेसनं डोंगर कोरून केलेलं, तिथं 22 फेब्रुवारी आणि 22 ऑक्टोबरला उगवत्या सूर्याची किरणं साधारण 60 मीटर आत गाभाऱ्यापर्यंत जातात. आतल्या चार मूर्तींपैकी तीन उजळतात आणि पाताळाशी नातं असलेला प्ताह अंधारातच राहतो. आस्वान धरणात बुडेल म्हणून 1964 ते 68 मध्ये अख्खं देऊळ कापून वर हलवलं आणि तरी ही किरणं सांभाळली! आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज आहे, इ.स.पू. 3200 च्या आसपासचं, म्हणजे पिरॅमिडच्याही आधीचं, तिथं दारावरच्या खिडकीतून 21 डिसेंबरच्या आसपासच्या सकाळी ऊन आत येतं, 17 मिनिटं.

वर्षातून दोनदा का, तर सूर्य 21-22 डिसेंबरपर्यंत दक्षिणेकडं सरकतो आणि मग परत फिरतो, त्यामुळं जाताना आणि येताना त्याच रेषेवर एकेकदा येतो. आपल्या किरणोत्सवाचे 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी मोजून बघा, डिसेंबरच्या त्या तारखेपासून दोन्हीकडं साधारण एकेचाळीस दिवस. न्यूग्रेंजची रेषा सूर्य जिथून फिरतो तिथंच आहे म्हणून तिथं एकदाच. आणि हो, महाद्वाराच्या बाजूला इमारती वाढवताना हा मार्ग मोकळा ठेवणं आपल्याच हातात आहे, त्यात ढिलाई नको.

प्रश्न : सगळ्यात जास्त पिरॅमिड इजिप्तमध्येच ना? (एक वाचक, इचलकरंजी)

नाही, सुदानमध्ये. तिथल्या प्राचीन कुश राज्याच्या राजा-राण्यांचे दोनशेच्या वर आहेत, इजिप्तपेक्षा लहान आणि उताराला फार उभे. मेरोएमधल्या बऱ्याच पिरॅमिडांचे शेंडे तुटलेले दिसतात, 1834 मध्ये फेर्लिनी नावाच्या इटालियन माणसानं खजिन्यासाठी तिथं मोडतोड केली होती.