एअर पिस्तूलमध्ये पेलेट (शिशाची बारीक गोळी) किती खोल बसवावं?

साइड लिव्हरचं पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारं पिस्तूल) असेल तर प्रश्नच मिटला. लिव्हर मिटताना प्रोब, म्हणजे आतली बारीक दांडी, पेलेटला दर वेळी एकाच जागी नेऊन ठेवतो, बोटाला काही काम नाही. भानगड आहे ती ब्रेक बॅरलवाल्यांची, म्हणजे बॅरल मोडून हातानं पेलेट बसवणाऱ्यांची. आणि भावा, तिथंच माझी दुखरी नस आहे.

2018 च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतनं सुवर्ण मारलं आणि कोल्हापुरात आमच्या रेंजवर पोरांची झुंबड उडाली. तिथले एक काका प्रत्येकाच्या हातात बॉलपेनचं टोपण द्यायचे. ‘पेलेट चांगलं आत दाब, ग्रुप आपोआप बसतोय.’ ग्रुप म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा झुबका. माझा शॉट आठ गुणांच्या वर्तुळात गेला की ‘दाबलं नाहीस’, नवात गेला तरी तेच. शेवटी उद्यमनगरातल्या मित्राकडून रबर लावलेला क्लॅम्प करून घेतला, पिस्तूल त्यात आवळलं आणि काकांसमोरच एका डब्यातले पेलेट मारले. अंगठ्यानं बसवलेले जवळजवळ एकाच भोकात. टोपणानं ढकललेले पांगले. ढकललेलं एक पेलेट न झाडता रॉडनं बाहेर काढलं, तर स्कर्टची, म्हणजे पेलेटच्या मागच्या पोकळ भागाची, कड एका बाजूला चंद्रकोरीसारखी दबलेली! ते पातळ शिसं हवेच्या दाबानं फुलून रायफलिंगला (बॅरलमधल्या पिळाच्या खाचांना) बिलगायला हवं. कड दबली की हवा तिथून निसटणारच.

काका म्हणाले, ‘क्लॅम्पला मेडल मिळत नाही.’ बरोबर आहे. पण दहाचं वर्तुळ 11.5 मिमी व्यासाचं, आणि आठ पडायला पेलेटचा मध्य केंद्रापासून 16 मिमीहून लांब जावा लागतो. एवढी चूक पेलेटच्या खोलीची नसते, ट्रिगरवरच्या बोटाची असते. ते शिकवायला कष्ट पडतात, टोपण फुकट मिळतं.

तर स्कर्टची कड बॅरलच्या तोंडाशी सपाट, बस्स. बाहेर राहिली तर बॅरल मिटताना चेपते. ठरावीक खोलीचा सीटर (पेलेट आत ढकलायचं साधन) वापरायचा असेल तर आधी ग्रुप मारून बघा. त्याहीआधी हेड साइज (पेलेटच्या डोक्याचा व्यास) बदलून बघा, 4.49 आणि 4.50 मिमीमध्ये कधीकधी जास्त फरक पडतो.

हे फक्त पेलेटचं हं. काडतूस भरताना गोळी जास्त आत गेली की केसमधली जागा कमी होते आणि दाब धोकादायक वाढतो, तिथं अंगठ्याचा अंदाज चालत नाही. आणि शिसं हाताळल्यावर हात धुवूनच मिसळीला बसा. काका तेही करायचे नाहीत.