दहा किलोंची अट आधी मागे घ्या

प्रश्न : मुलीनं यंदा बारावी सायन्स केलं. नीटमध्ये एमबीबीएस मिळण्याइतके गुण पडले नाहीत. आता ती म्हणते, लठ्ठपणा का होतो, त्यानं शरीरात आतून काय बिघडतं आणि त्यावर औषधं कशी शोधतात, यातच संशोधन करायचं. आमचं मत असं की एक वर्ष रिपीट कर, आधी डॉक्टर हो, मग हवं ते संशोधन कर. शिवाय तिचं स्वतःचं वजन ८४ किलो आहे. स्वतः जाड असलेल्या मुलीचं या विषयात कोण ऐकून घेणार? दहा किलो कमी करून दाखवलंस तर तुझ्या म्हणण्याचा विचार करू, असं आम्ही तिला सांगितलंय. हल्ली आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन निघालंय, ते सुरू करावं का? – एक आई

उत्तर : ताई, नमस्कार. तुमच्या पत्रात मुलीचं वजन किलोत आहे, पण नीटचे गुण नाहीत. जीवशास्त्रात किती, रसायनशास्त्रात किती, अकरावीला गणित ठेवलं होतं की सोडलं, यातलं काहीच नाही. म्हणून प्रवेशाचं नंतर बोलू. आधी ती दहा किलोंची अट मागे घ्या, आणि तिच्यासमोर बसून, स्पष्ट शब्दांत घ्या.

ही अट म्हणजे नकारच आहे, फक्त त्याचं खापर तुम्ही तिच्या माथी फोडायची सोय करून ठेवली आहे. वजन उतरलं नाही की ‘तुलाच जमलं नाही’ म्हणायला घरचे मोकळे. हृदयरोगतज्ज्ञाचा स्वतःचा रक्तदाब विचारून कुणी अँजिओप्लास्टीला जात नाही. प्रयोगशाळेतही निष्कर्ष तपासले जातात, ते काढणाऱ्याचा कंबरेचा घेर नाही. आणि वजनावरून घरात सतत बोलणी खाणाऱ्या मुलांचं वजन पुढे कमी होण्याऐवजी वाढण्याकडेच कल असतो, असं दीर्घकाळच्या पाहण्यांमधून दिसलेलं आहे. लपूनछपून खाणं, चारचौघांत व्यायाम करायची लाज वाटणं, डॉक्टरकडे जायचं टाळणं, हे सगळं त्यातूनच येतं.

‘जाड मुलीचं कोण ऐकणार’ या वाक्याच्या मुळाशी एक समज आहे : लठ्ठपणा म्हणजे तोंडावर ताबा नसणं. तुमची मुलगी ज्या विषयात शिरू पाहतेय, तो विषयच मुळी ही समजूत मोडून उभा राहिला. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं उंदरांमधलं एक जनुक शोधलं. ते जनुक बिघडलेले उंदीर खातच सुटत. चरबीपेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात आणि साठा किती आहे ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळवतात, हे त्यातून कळलं. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना एकाच कुटुंबातली दोन मुलं सापडली, ज्यांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हतं. त्यातल्या नऊ वर्षांच्या मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं आणि वर्षभरात तिचं सुमारे १६ किलो वजन उतरलं. तिला संयम कुणी शिकवला नव्हता. अशी मुलं अगदी विरळ, हे खरं. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, मेंदू त्याला दाद देत नाही, म्हणूनच सर्वांसाठीचं औषध म्हणून लेप्टिन फसलं. पण वजन उतरवल्यावर शरीर ते परत मिळवायला धडपडतं, ही गोष्ट सगळ्यांना लागू आहे. २०११ च्या एका अभ्यासात पन्नास जणांना दहा आठवडे कमी उष्मांकाचा आहार दिला. त्यानंतर वर्ष उलटलं तरी भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलंच होतं. वजन घटवण्याच्या एका अमेरिकन टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर नुसत्या बसल्याजागी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. आहार-व्यायाम निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. पण ‘मनावर घे, होईल’ हा सल्ला अपुरा का पडतो ते यावरून कळावं.

आता ‘आधी डॉक्टर हो’बद्दल. ज्या आठवडी इंजेक्शनचं तुम्ही विचारता, त्यामागच्या कामासाठी वैद्यकीय संशोधनातला मानाचा लास्कर पुरस्कार २०२४ मध्ये तिघांना मिळाला. जोएल हॅबनर हे डॉक्टर. स्वेतलाना मोयसोव्ह या पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या साखळ्या, बनवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ. लोटे ब्येरे नुडसेन यांचं शिक्षण इंजिनिअरिंगचं. हे इंजेक्शन ज्याची नक्कल करतं ते जीएलपी-१ म्हणजे आतड्यातून येणारं, भूक कमी करणारं संप्रेरक. अडचण अशी होती की ते रक्तात दोनेक मिनिटांत तुटून जातं. त्याला मेदाम्लाची शेपटी जोडली, ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहिली, आणि औषध आधी दिवसभर, पुढे रेणूत आणखी बदल केल्यावर आठवडाभर टिकू लागलं. हे काम रसायनशास्त्राचं. त्याची माणसांवरची चाचणी मात्र डॉक्टरांशिवाय होत नाही. तेव्हा डॉक्टर व्हायचं की नाही, हे तिला या कामाचं कुठलं टोक हवंय यावर ठरेल. रुग्ण तपासायचे असतील तर एमबीबीएसला पर्याय नाही. नुसतं संशोधन करता यावं म्हणून साडेपाच वर्षांचं एमबीबीएस करणं मला पटत नाही.

तिनं ‘शरीरात आतून काय बिघडतं’ असं म्हटलंय. ते वाक्य तुम्ही ओझरतं लिहून गेलात, पण मला पत्रात तेच मोलाचं वाटलं. ती पॅथॉलॉजी आहे, म्हणजे रोगानं पेशींत आणि ऊतींत काय बदल होतात याचा अभ्यास, आणि पॅथॉलॉजी म्हणजे नुसती रक्त-लघवी तपासणारी लॅब नव्हे. लठ्ठपणात यकृतात चरबी साठते, त्याचंच उदाहरण घ्या. सुईनं काढलेला यकृताचा तुकडा दहा टक्के फॉर्मलिनमध्ये पक्का करतात, अल्कोहोल आणि झायलीनमधून नेऊन पॅराफिन मेणात बसवतात आणि मायक्रोटोम या कापणाऱ्या यंत्रावर त्याचे सुमारे चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप घेतात. गंमत अशी की अल्कोहोल-झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते. स्लाइडवर दिसतात त्या फक्त तिच्या रिकाम्या गोल जागा. खुद्द चरबी पाहायची तर तुकडा गोठवून कापावा लागतो आणि ऑइल रेड ओ हा रंग वापरून रंगवावा लागतो. मग बिघाड किती आहे त्याचे गुण द्यायचे : चरबीला ० ते ३ (पाच टक्क्यांहून कमी पेशींत असेल तर शून्य), दाहाला ० ते ३, पेशी फुगून बलूनसारख्या होण्याला ० ते २. यकृतात व्रणासारखे तंतू किती साचले (फायब्रोसिस), त्याच्या ० ते ४ पायऱ्या वेगळ्या. खरी मारामारी होते ती फुगलेल्या पेशींवर. दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्ट एकच स्लाइड पाहून वेगळे गुण देतात. त्यात तो तुकडा अख्ख्या यकृताच्या साधारण पन्नास हजाराव्या भागाएवढा, म्हणजे सुई इकडची तिकडे झाली तरी उत्तर बदलू शकतं. म्हणून औषधाच्या चाचणीत स्लाइडवर फक्त सांकेतिक क्रमांक असतो. रुग्णाला औषध मिळालं की प्लासिबो (औषध नसलेली हुबेहूब नक्कल), तुकडा उपचाराआधीचा की नंतरचा, हे वाचणाऱ्याला कळू देत नाहीत.

चरबीची ऊती तर त्याहून हट्टी. जाड तुकडा घाईत प्रक्रियेला लावला तर फॉर्मलिन आत पोचत नाही, मेण नीट भरत नाही, काप फाटतात, आणि फाटलेल्या पेशी नवख्याला रोगट वाटतात. तुकडे तीनेक मिलिमीटरचेच घ्यायचे, आणि प्रत्येक टप्प्याला जास्त वेळ द्यायचा. नीट काप आला की मेलेल्या चरबीपेशीभोवती मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशींनी धरलेलं कडं दिसतं. हा दाहाचा पुरावा असतो, आणि तो वजनकाट्यावर दिसत नाही.

वजनकाट्यावर विसंबून या क्षेत्रानं हात पोळून घेतलेले आहेत. फेनफ्लुरामीन या औषधानं वजन उतरायचं, पण हृदयाच्या झडपा जाड होऊन गळू लागल्या आणि १९९७ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. सिब्युट्रामीन हे दुसरं औषध २०१० मध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे गेलं. रिमोनाबंट हे तिसरं, ते घेणाऱ्यांना येणाऱ्या नैराश्यामुळे गेलं. उंदरांवरच्या कामातही असेच सापळे आहेत. साठ टक्के कॅलरी चरबीतून येणारं खाद्य देऊन उंदीर लठ्ठ करतात, पण तुलनेच्या गटाला साधं खाद्य दिलं तर फरक चरबीचा की बाकीच्या घटकांचा, हे सांगता येत नाही. खोली २२ अंशांवर असते, उंदराला मानवतं ते ३० च्या आसपास. बिचारा ऊब टिकवण्यातच बरीच ऊर्जा घालवतो आणि औषधाचा परिणाम वेगळा दिसतो. एका पिंजऱ्यातले पाच उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यांचे आतड्यातले जिवाणू सारखे होतात, म्हणून तिथे त्यांना पाच स्वतंत्र नमुने धरणं चुकीचं. या गोष्टी ऐकून तिचे डोळे चमकतात की जांभई येते, ते बघा.

वाटा तुम्हाला माहीत असतीलच : नीट, एमबीबीएस, मग एमडी पॅथॉलॉजी, किंवा आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची बीएस-एमएस, किंवा बीएस्सी-एमएस्सी करून नेट-जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा) आणि पीएचडी, किंवा बीफार्म, जीपॅट (एमफार्मची प्रवेश परीक्षा) आणि औषधशास्त्रात एमफार्म.

इंजेक्शनचा निर्णय डॉक्टरांचा, माझा नाही. पण मुदतीत वजन उतरवून दाखवायला ते औषध बनलेलं नाही, एवढं सांगतो. अशा आठवडी इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमनं सुरू करतात, दर चार आठवड्यांनी वाढवत २.४ पर्यंत पोचायला सोळा आठवडे जातात. घाई केली की मळमळ, उलट्या. १,९६१ प्रौढांवरच्या ६८ आठवड्यांच्या चाचणीत सरासरी १४.९ टक्के वजन घटलं, प्लासिबोवर २.४ टक्के. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आलं. तिच्या तब्येतीची काळजी असेल तर तिच्या मर्जीनं एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरकडे, जा. थायरॉइड, साखर, पाळीच्या तक्रारी हे सगळं तिथे बघितलं जाईल. त्या भेटीचा आणि करिअरचा संबंध जोडू नका.

रिपीटचा अर्ज भरण्याआधी तिला एक काम द्या. जीटीईएक्स या मानवी ऊतींच्या संशोधन प्रकल्पाच्या संकेतस्थळावर चरबीच्या ऊतीच्या स्लाइड कुणालाही पाहता येतात, त्वचेखालच्याही आणि पोटातल्याही. स्लाइडची चित्रं मोजायचं क्यूपाथ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात एका पिक्सेलला किती मायक्रॉन हे आधी तपासायचं, नाहीतर पुढची सगळी मापं फुकट. दोन्ही प्रकारच्या दोनदोनशे पेशींचं क्षेत्रफळ मोजायचं. चित्राच्या कडेला अर्धवट कापलेल्या आणि फाटलेल्या पेशी सोडायच्या. सरासरीपेक्षा मध्यक (चढत्या क्रमात लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढायचा, कारण थोड्या प्रचंड पेशी सरासरी वर ओढतात. आठवड्यानं आधीची मापं न बघता तेच पुन्हा मोजायचं. दोन वेळचे आकडे जुळणार नाहीत. ते का जुळले नाहीत याचा छडा लावावासा तिला वाटला, तर संशोधनाची तिची गोष्ट हौसेपुरती नाही असं धरा. दुसऱ्या दिवशीच कंटाळली, तर तेही आताच कळलेलं बरं.

रिपीट करायचं की नाही, ते तिलाच विचारा, आणि प्रश्न असा विचारा : तुला रुग्ण बघायचे आहेत का? उत्तर ‘हो’ असेल तरच ते वर्ष द्या. ‘नाही’ असेल तर आयसरच्या परीक्षेकडे वळा. तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. गणित सोडलेलं असेल तरी अर्ज करता येतो, पण ६० पैकी १५ प्रश्नांवर पाणी सोडून बसू नये. निदान संभाव्यता, फलनं आणि कलनाची सुरुवात एवढं तरी या सुट्टीत करून घ्यायला लावा. संख्याशास्त्राशी पुढे तिची रोजच गाठ आहे.